एरंडी पेंड आणि घरची कुत्री-मांजरे

एरंडाच्या बीमध्ये रिसिन नावाचे विषारी प्रथिन असते. नांदेड-लातूरकडे एरंड बांधावर, ओढ्याकाठी, पडीक जागेत आपोआप उगवतो. होळीच्या मधोमध त्याची फांदी रोवतात, पोट साफ व्हावे म्हणून त्याचेच तेल देतात. एवढ्या ओळखीच्या झाडाला विषारी मानायला मन लवकर धजत नाही. तेल गाळले की रिसिन तेलात उतरत नाही, ते पेंडीत राहते. पुरेशी उष्णता देऊन नष्ट केले नाही, तर पेंड विषारीच राहते.

नुसते झाड अंगणात असल्याने कुत्रे सहसा आजारी पडत नाही. गोचिडासारखी दिसणारी ठिपकेदार बी अख्खी गिळली गेली, तर ती कधी कधी तशीच बाहेरही पडते. चावली की मात्र विष मोकळे होते. खरा धोका पेंडीचा आहे, कारण ती आधीच भरडलेली असते आणि तिचा वास कुत्र्याला खाण्याचा वाटतो. मृग लागला की घरोघरी कुंड्या भरल्या जातात, तेव्हा रोपवाटिकेतून निंबोळी पेंडीबरोबर एरंडी पेंडही घरात येते. तिच्यात हाडांचा चुरा मिसळलेला असेल, तर कुत्रे हटकून कुंडी उकरते.

प्रस्तुत लेखकाच्या नांदेडच्या घरी नेमके हेच घडले. कुत्रीने गुलाबाच्या कुंडीतली ओली माती नाकाने बाजूला सारली आणि खालची पेंड चाटूनपुसून खाल्ली. संध्याकाळपर्यंत ती नेहमीसारखी बागडत होती. रात्री उलट्या सुरू झाल्या, पहाटे रक्त पडू लागले, आणि पाण्याच्या भांड्याशी जाऊनही तिला मान खाली घालवेना. सलाइन आणि सततची देखरेख यांमुळे ती वाचली. खाणे आणि लक्षणे यांतले हे अंतरच फसवे असते: लक्षणे काही तासांनी, कधी दीड दिवसानेही दिसतात. रिसिनवर उतारा नाही, म्हणून लक्षणांची वाट पाहण्यात हाताशी असलेला मोलाचा वेळ जातो.

कुंपणाला लावली जाणारी चंद्रज्योत, म्हणजे मोगली एरंड, याच कुळातली. तिच्या बिया खाऊन शाळकरी मुलांना विषबाधा झाल्याच्या बातम्या महाराष्ट्रात वारंवार येतात. कुत्र्यांनाही त्या तितक्याच घातक. महामार्गांच्या दुभाजकांत दिसणारी कण्हेर आणि देवपूजेसाठी दारात लावलेली पिवळी कण्हेर, दोन्ही हृदयाची लय बिघडवतात. नव्या बंगल्यांसमोर शोभेला लावलेल्या सायकसची बी यकृत निकामी करते. मांजर पेंडीच्या वाटेला फारसे जात नाही, पण लिलीचा पुष्पगुच्छ घरात आणणे तिच्या जिवावर बेतते: अंगावर पडलेले पराग चाटले, तरी मूत्रपिंडे बंद पडू शकतात.

पेंड वापरायचीच असेल, तर ती झाकणाच्या डब्यात, उंचावर ठेवावी. कुत्रे असलेल्या घरात एरंडीऐवजी शेणखत किंवा गांडूळखत वापरणे केव्हाही बरे. जनावराने पेंड किंवा बी खाल्ल्याचा नुसता संशय आला, तरी लगेच पशुवैद्यकाकडे न्यावे. उलटी व्हावी म्हणून मिठाचे पाणी पाजण्याची पद्धत सर्रास आहे, ती सोडून द्यावी. त्यातल्या मिठानेच जीव धोक्यात येतो. दूध, तूप किंवा तेल पाजूनही विष उतरत नाही. पोटातले विष शोषून घेण्यासाठी कोळशाचे औषध द्यायचे की उलटी करवायची, हे डॉक्टरच ठरवतील. लातूर जिल्ह्यात उदगीरला पशुवैद्यक महाविद्यालय आहे. नांदेडच्या दक्षिण तालुक्यांनाही ते फार दूर नाही. जाताना पेंडीचे पाकीट किंवा खाल्लेल्या बियांपैकी उरलेली एखादी बी सोबत न्यावी.