आधी नर मोज

शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयातून बी.एफ.एससी. करून तू लालबागला परतलीस आणि आता वर्सोव्याच्या केंद्रीय मात्स्यिकी शिक्षण संस्थेत एम.एफ.एससी.ला आनुवंशिकी घेतलीस, हे ऐकून तुझी आत्या फार सुखावली. आमच्या गिरगावातल्या लहानपणी मासा हा ताटात तरी असायचा, नाहीतर १९५१ साली सुरू झालेल्या तारापोरवाला मत्स्यालयाच्या काचेमागे. माशांचा अभ्यास करून पोट भरता येतं हे घरात कुणाला पटत नव्हतं. तुला निदान वाट विचारायला घरचं माणूस आहे. माझ्या सरांनी मला तळ्याच्या बांधावर उभं करून जे सांगितलं आणि त्यात पुढे मी जी भर घातली, ते लिहून पाठवते आहे. परीक्षेचं यात थोडंच आहे, ते तुला कुणीही सांगेल.

पहिली गोष्ट हिशेबाची. रोहू साधारण दोन वर्षांचा झाला की पिकतो. निवड, नोंदी, वाढ हे सगळं धरलं तर एका पिढीला अडीच वर्षं जातात. म्हणजे तीस वर्षांच्या नोकरीत तुझ्या हातून रोहूच्या बाराच्या आसपास पिढ्या जातील, त्याहून जास्त नाही. तांदळावर काम करणारी तुझी मैत्रीण एवढ्या पिढ्या पाच-सहा वर्षांत बघून मोकळी होईल. आपल्याकडे प्रत्येक जोडी मोलाची. एक पावसाळा हुकला की अख्खं वर्ष गेलं. आणि जे काम तू सुरू करशील ते तुझ्या निवृत्तीनंतर दुसरं कुणी पुढे नेणार, हे पहिल्या दिवसापासून धरून चाल. तुझी वही त्या माणसासाठी आहे.

दुसरी गोष्ट हीच खरी, बाकीच्या विसरलीस तरी चालेल. कुठल्याही मत्स्यबीज केंद्रावर गेलीस की प्रजनक किती, असं विचारू नकोस. नर किती, ते विचार. केंद्रावरचा माणूस अभिमानाने सांगेल, बावन्न मासे आहेत. त्यात माद्या ५० आणि नर २ असतील तर काय होतं बघ. पुढच्या पिढीचं निम्मं रक्त त्या दोन नरांतूनच येतं. चार गुणिले नर गुणिले माद्या, भागिले दोहोंची बेरीज: ४०० भागिले ५२. उत्तर येतं पावणेआठच्या खाली. तळ्यात बावन्न मासे पोहतात, पण आनुवंशिकीच्या लेखी ते आठसुद्धा नाहीत. एका पिढीत अंतःप्रजनन साडेसहा टक्क्यांनी वाढतं. तेच २६ नर आणि २६ माद्या घेतल्या तर ही वाढ एक टक्क्याच्याही आत राहते. मासे तेवढेच, खाद्य तेवढंच, पाणी तेवढंच.

नर कमी का पडतात, हेही समजून घे. हाताने पोट दाबून बीज काढताना एका नरावर चार-पाच माद्यांचं काम भागतं, मग घाईच्या दिवसांत बाकीचे नर कोण ओढून काढणार? गोल टाकीत सगळे एकत्र सोडले तरी सगळे नर सारखा भाग घेतातच असं नाही. शिवाय मोठा मासा बाजारात चांगला भाव देतो, तो विकला जातो, आणि जो मागे राहिला तोच पुढच्या साली प्रजनक होतो. एकनाथ आणि डॉयल यांनी कर्नाटकातल्या हॅचरींचा अभ्यास १९९० साली छापला, तो काढून वाच. कुणाच्याही मनात वाईट नसताना माशाचं कूळ कसं आटत जातं हे त्यात आहे. शेतकऱ्याला ते दिसतं तेव्हा उशीर झालेला असतो: बोटुकली वाढत नाही, काहींचे कणे वाकडे, मर जास्त. तो बिचारा खाद्य बदलतो, औषध टाकतो. दोष मागच्या चार पावसाळ्यांतल्या जोड्यांत असतो.

म्हणून वही. प्रत्येक मादीचा क्रमांक, प्रत्येक नराचा क्रमांक, कुणाची जोडी कुणाशी, तारीख, वेळ, पाण्याचं तापमान, बीज किती. प्रजनकाच्या अंगात चिप बसवलेली असली तरी वहीत लिहायचंच, कारण वाचणारं यंत्र नेमकं भर पावसात रुसतं. डीएनएसाठी पराचा तुकडा कापशील तो ९५ टक्के अल्कोहोलमध्ये ठेव आणि चिठ्ठी शिसपेन्सिलीने लिहून कुपीच्या आत टाक. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये धुऊन जाते. मग फ्रीजरमध्ये दोनशे कुप्या आणि एकीचंही नाव नाही, असं होतं. एका माशाची कात्री पुसल्याशिवाय दुसऱ्या माशाला लावायची नाही. माप घेताना मासा नेहमी एकाच कुशीवर, डावी बाजू वर, आणि फोटोत पट्टी हवीच.

आता रात्रीचं काम. कार्प पावसाळ्यातच पिकतो. संध्याकाळी इंजेक्शन दिलं की पहाटेपर्यंत टाकीत खळबळ सुरू होते. हिरालाल चौधरींनी १० जुलै १९५७ रोजी पियुषिका ग्रंथीच्या अर्काने कार्पचं प्रजनन घडवून आणलं, म्हणून तो दिवस देशात मत्स्यशेतकरी दिन. आज तयार संप्रेरक बाटलीत मिळतं, पण मासा ओळखायचा हातानेच. कल्ल्यामागच्या पराच्या आतल्या बाजूवरून बोट फिरव. नराचा पर खरखरीत लागतो, मादीचा गुळगुळीत. पिकलेल्या नराच्या पोटावर हलका दाब दिला की दुधासारखा पांढरा थेंब येतो. मादीचं पोट मऊ, फुगलेलं आणि शेपटीकडचं छिद्र लालसर. पुस्तकात हे चार ओळींत आहे, पण हाताला कळायला एक पावसाळा जातो. केंद्रावर जो सगळ्यात जुना कामगार असेल त्याच्या शेजारी उभी राहा, त्याला काका म्हण, आणि तो मासा कसा धरतो ते बघ. ओलं फडकं डोळ्यांवर टाकलं की मासा शांत होतो, हे मला अशाच एका काकांनी शिकवलं.

निवडीचं गणित तुला येतं, तरी सांगते. कळपाची सरासरी ५०० ग्रॅम, तू निवडलेल्या आईबापांची ७०० ग्रॅम. फरक २०० ग्रॅम. वाढीचा आनुवंशिक वाटा ०.३ धरला तर पुढच्या पिढीच्या पदरात ६० ग्रॅम पडतात. बाकीचं खाद्याचं, तळ्याचं, नशिबाचं. हे साठ ग्रॅम खरे की यंदा पाऊस चांगला झाला म्हणून, हे कळायला न निवडलेल्या माशांचा एक गट बाजूला ठेवावा लागतो. तळ्यांची टंचाई असते, तो गट काढून टाका असं तुला दरवर्षी कुणीतरी सांगेल. ऐकू नकोस. त्याच्याविना तुझ्या दाव्याला आधार नाही. तसंच, वेगवेगळ्या कुटुंबांची पिल्लं खूण करण्याएवढी होईपर्यंत वेगवेगळ्या हाप्यांत, म्हणजे जाळीच्या कप्प्यांत, वाढतात. एखादा हापा सावलीत असला, एखाद्याची जाळी शेवाळाने भरली, तर तू बापाचा गुण समजून हाप्याचा गुण निवडशील. म्हणून प्रत्येक कुटुंबाला किमान दोन हापे दे, आणि हाप्यात ठेवायचे दिवस कमी कर.

हे सगळं नीट केलं की काय मिळतं त्याचा दाखला जयंती रोहू. भुवनेश्वरच्या संस्थेत नॉर्वेच्या शास्त्रज्ञांच्या साथीने १९९२ साली काम सुरू झालं. गंगा, गोमती, यमुना, ब्रह्मपुत्रा आणि सतलज, पाच नद्यांतून रोहू आणले, सहावा संस्थेच्या तळ्यातला. आधी पाया रुंद केला, मग निवड. पिढीमागे वाढीत सुमारे १७ टक्के फायदा निघाला आणि स्वातंत्र्याच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, १९९७ साली, हा मासा शेतकऱ्यांसाठी जाहीर झाला. त्या पाच नद्यांची यादी पाठ करून ठेव. कामाची खरी हुशारी तिथे आहे.

आणि दुसरी बाजू. आपल्या लोणावळ्याला, टाटांच्या वळवण तलावाकाठी, सी. व्ही. कुलकर्णी आणि ओगले यांनी महसीरचं बीज कृत्रिम रीतीने तयार करून दाखवलं. १९७०च्या दशकातलं ते काम फार मोठं, आजही मान खाली घालून वाचावं असं. धरणांनी नद्या अडवल्यावर हा मासा वाचवायचा त्यांचा ध्यास होता. पुढे ते बीज दूरच्या नद्यांतही गेलं, कावेरीतही. कावेरीचा स्वतःचा महसीर होता, पाठीला उंच कुबड असलेला. बाहेरचा महसीर तिथे पसरत गेला आणि मूळचा मागे हटला. २०१८ साली त्या कुबडवाल्या माशाची शास्त्रीय ओळख पक्की झाली आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त यादीत जाऊन बसला. बीज चांगलं होतं, हेतू चांगला होता. तुझ्याकडेही एक दिवस चांगलं बीज असेल आणि कुणीतरी म्हणेल, मॅडम, आमच्या धरणात सोडा. आधी विचार: या नदीत कोण राहतं? बाहेरून आलेल्या थाई मागुर माशाचंही ध्यानात ठेव. २००० साली बंदी आली तरी तो चोरून पाळला जातो.

घराच्या चवीवरून विषय ठरवू नकोस. आपल्या घरात पापलेट, सुरमई, बोंबील, मांदेली. गोड्या पाण्याचा मासा कुणी आणला तर नाकं मुरडतात. तुला मात्र आयुष्य रोहू, कटला, तिलापिया यांच्याबरोबर काढायचं आहे. एकदा भिगवणला जाऊन ये. उजनीच्या पाण्यातली चिलापी, म्हणजे हीच तिलापिया, तिथे ढिगाने विकली जाते, तिच्यावर किती घरं चालतात ते बघ, मग नाक मुरडायची इच्छा उरणार नाही.

तरी समुद्राशी नातं तोडू नकोस. आठवड्यातून एकदा भाऊच्या धक्क्यावर पहाटे जा, लालबागहून काय लांब आहे? मासळी विकणाऱ्या मावशींशी बोल, पण त्यांचा धंद्याचा वेळ खाऊ नकोस. आधी काहीतरी विकत घे, मग विचार. लहान मासा कधी जास्त येऊ लागला हे त्यांना सगळ्यांच्या आधी कळतं. आणि पुस्तकातल्या नावावर डोळे मिटून विश्वास ठेवू नकोस. २०२३ साली ज्याला राज्यमासा केलं त्या पापलेटचंच बघ. वर्षानुवर्षं आपण त्याला पाम्पस अर्जेन्टियस लिहीत आलो. डीएनए तपासल्यावर निघालं, आपल्या किनाऱ्याचा तो पाम्पस कॅन्डिडस. इतक्या ओळखीचा मासा, रोजच्या ताटातला.

नोकरीचं थोडक्यात. नेट आणि एआरएसची तयारी पहिल्या वर्षापासून, रोज तासभर, आणि त्यात संख्याशास्त्र आधी, कारण सगळे ते शेवटी ठेवतात. मार्गदर्शक निवडताना त्यांचे शोधनिबंध मोजू नकोस. त्यांचे जुने विद्यार्थी आज कुठे आहेत ते बघ आणि त्यातल्या दोघांना फोन कर. वसतिगृहातच राहा. करी रोडहून दादर, दादरला गाडी बदलून अंधेरी, पुढे मेट्रो, हे रोज होईल. पण रात्री दोनला टाकीची हवा बंद पडली तर लोकल नसते. गणपतीत बोटुकली मोजायची घाई असते, तेव्हा लालबागचे ते दहा दिवस तुझे नसतील. हे आईला आत्ताच सांगून ठेव, ऐन वेळी सांगितलंस की तिला जास्त लागतं.

पवारखेड्याच्या किंवा दुसऱ्या केंद्रावर पाठवतील तेव्हा गमबूट, डोक्याला बांधायची बॅटरी, शिसपेन्सिली आणि जाड पुठ्ठ्याची वही घेऊन जा. पोचल्या पोचल्या प्रजनकांच्या मागच्या पाच वर्षांच्या याद्या माग. त्या नसतील तर जे मासे आज तळ्यात आहेत त्यांच्या पराचे तुकडे जून लागायच्या आत गोळा कर, आणि नर किती निघाले ते मला फोन करून सांग.