परदेशी मोटारी आणि शिवडीचा कारखाना

रोल्स-रॉइस कंपनी पूर्वी मोटारीचा सांगाडा व इंजिन तेवढे करीत असे; वरील डौलदार साज निराळे कारागीर गिऱ्हाइकाच्या मर्जीनुसार चढवीत. आमच्या संस्थानिकांची मर्जी तर काय विचारावी! अमेरिकन जनरल मोटर्सची रीत निराळी. जुळलेली मोटार जहाजात फार जागा अडविते. सुटे भाग पेट्यांत भरले म्हणजे भाडे वाचते. म्हणून तिने १९२८ साली परळनजीक शिवडीस जुळणीचा कारखाना काढला. तेथे आमच्या कामगारांच्या हातून शेव्हरोलेट उभी राहू लागली. परंतु जुळणी म्हणजे निर्मिति नव्हे. इंजिन घडविण्याची विद्या पेटीतून येत नसते. देशात भाग घडविण्याची योजना नसलेल्या कंपन्यांनी काम आवरावे, असे सरकारने १९५३ साली ठरविले. पुढल्याच वर्षी शिवडीची जुळणी थांबली.