दिवाणखान्यात जंगल आणताना

लहान मुलाचा वाढदिवस घरीच करावा, असं माझं मत होतं आणि आजही आहे. हॉलमध्ये मूल बुजतं, मोठ्या आवाजाने बिथरतं, आईच्या कडेवरून उतरायला तयार होत नाही. घरी त्याची खेळणी असतात, दमलं तर पडायला त्याचीच गादी असते. तरीही आमच्या लेकीच्या चौथ्या वाढदिवसाला जे घडलं, ते घरी वाढदिवस करू पाहणाऱ्या प्रत्येकाला मी आवर्जून सांगते. कारण त्या दिवशी आमच्या घरात जे जे होतं, ते सगळं आज कुठल्याही वाढदिवसाला सर्रास दिसतं.

थीम होती जंगल. लेकीला तेव्हा सिंह व्हायचं होतं. तिच्यासाठी केसाळ आयाळीचा पोशाख भाड्याने आणला होता. सजावटवाल्याने छताला टेकलेले गॅसचे फुगे, कागदी वेली आणि बॅटरीवर चालणारे लुकलुकते दिवे लावले होते. सासूबाईंनी औक्षण केलं, केकवरच्या मेणबत्त्या पेटल्या, सगळ्यांचे मोबाईल वर झाले आणि तेवढ्यात कुणीतरी हौसेने स्नो स्प्रेचा डबा लेकीच्या डोक्यावर धरून दाबला. फेस खाली पडायच्या आत भपकन ज्वाळ उठली. आयाळीच्या कडेचे केस आक्रसून काळे पडले. माझ्या दिरांनी तिला मागच्या मागे उचललं आणि पोशाख ओढून काढला, म्हणून गाल लाल होण्यावर निभावलं. ज्वाळ वरच्या फुग्यांपर्यंत पोचली नाही. दुसऱ्या दिवशी सजावटवाल्याला खोदून विचारलं, तेव्हा कळलं की त्या फुग्यांत हायड्रोजन होता.

त्यानंतर या वस्तूंबद्दल मी मिळेल ते वाचलं, विचारलं. आधी स्प्रेबद्दल सांगते, कारण तो सगळ्यांत निरुपद्रवी वाटतो. त्या डब्यातून फेस बाहेर ढकलणारा वायू बहुधा ब्युटेन किंवा प्रोपेन असतो, म्हणजे आपल्या स्वयंपाकाच्या सिलिंडरमध्ये असतात तेच वायू. डब्यावर ज्वालाग्राही असल्याची खूण असते, पण ती वाचतं कोण? दाबल्यावर काही क्षण तो वायू हवेत तरंगत असतो आणि खाली मेणबत्ती पेटलेली असते. ज्या खोलीत मेणबत्ती किंवा निरांजन लागणार, तिथे स्प्रे नकोच. तुम्ही आणला नाहीत म्हणून निश्चिंत राहू नका. पाहुण्यांपैकी कुणीतरी आणतोच. आमच्याकडे आता दारातच सांगतो, आणि आणलेला डबा कपाटावर ठेवून जाताना परत देतो. कुणाला राग येत नाही. आला तरी चालेल.

फुग्यांचं प्रकरण जास्त गुंतागुंतीचं आहे. आपण ‘गॅसचे फुगे’ म्हणतो तेव्हा मनात हेलियम असतो. तो जळत नाही, पण महाग पडतो. आपल्या देशाला लागणारा हेलियम जवळजवळ सगळा बाहेरून येतो. हायड्रोजन मात्र कॉस्टिक सोडा, पाणी आणि ॲल्युमिनियमचे तुकडे एकत्र करून जागच्या जागी तयार करता येतो. फुगा दोन्हींनी सारखाच वर जातो, बघून फरक कळत नाही. खरं तर रबरी फुगा जन्माला आला तोच हायड्रोजनसाठी: मायकेल फॅराडेने 1824 साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये हायड्रोजनवरच्या प्रयोगांसाठी तो केला. प्रयोगशाळेत ते ठीक, मेणबत्त्या लावलेल्या खोलीत नाही. 2023 मध्ये लातुरात फुग्यांत गॅस भरण्याच्या सिलिंडरचा स्फोट झाला, त्यात फुगे विकणाऱ्याचा जीव गेला आणि भोवती जमलेली मुलं जखमी झाली. म्हणून सजावटवाल्याला गॅस कुठला, हे आधी विचाराच. त्याने चाचरत उत्तर दिलं, तर गॅसचे फुगे रद्द करा आणि सिलिंडर इमारतीच्या आवारातही येऊ देऊ नका. हातपंपाने हवा भरलेले फुगे दोऱ्याने खाली, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर बांधले, तर मुलांना ते जास्त आवडतात. छताला लागलेला फुगा मोठ्यांच्या फोटोत छान दिसतो, पण मुलाच्या हाताला लागत नाही.

हवा भरलेल्या फुग्याचा तेवढा धोका नसतो, जेवढा फुटलेल्याचा असतो. फुटलेल्या रबराचा तुकडा तोंडात गेला, तर तो घशाला चिकटून श्वास पूर्ण बंद करू शकतो, आणि सहज निघत नाही. अमेरिकेत रबरी फुग्यांच्या पाकिटावर आठ वर्षांखालच्या मुलांसाठी ही धोक्याची सूचना छापणं कायद्याने बंधनकारक आहे. घरी एका मोठ्या माणसाला एवढंच काम द्या: फुगा फुटला की तुकडे उचलायचे. आणखी एक, फुग्यांच्या प्लास्टिकच्या काड्या आणि सजावटीचा थर्माकोल यांवर 1 जुलै 2022 पासून देशभर बंदी आहे. ‘4’चा तो मोठा थर्माकोलचा आकडा अजूनही मिळतो, पण घेऊ नका. बंदी नसती तरी मी सांगितलं असतं, कारण थर्माकोल पेटला की वितळून ठिबकतो.

पोशाखाबाबत मी आता अगदी हट्टी झाले आहे. भाड्याचे केसाळ पोशाख बहुतेक पॉलिएस्टरचे असतात. पॉलिएस्टर वितळून कातडीला चिकटतं. औक्षणाला आणि केकला मूल सुती कपड्यांतच हवं. आपल्या औक्षणात मूल पाटावर बसलेलं असतं आणि ताटातलं निरांजन त्याच्या तोंडासमोरून फिरतं, तेव्हा ताट छातीच्या खाली धरावं, मोकळे केस बांधून घ्यावेत. सुपारी आणि अंगठी ओवाळून झाल्यावर लगेच आत नेऊन ठेवावी. रांगणाऱ्या धाकट्या भावंडाचा हात ताटापर्यंत कधी पोचतो, कळत नाही. मग सिंह व्हायचं कसं? हेअरबँडवर पुठ्ठ्याचे दोन कान आणि जुन्या ओढणीची शेपटी. पुढच्या वर्षी आलेल्या सगळ्या मुलांनी तेच केलं. कान त्यांनी स्वतः रंगवले, त्यात अर्धा तास गेला, आणि त्या अर्ध्या तासात कुणीही रडलं नाही.

इथेच मला थीम म्हणजे काय ते उमगलं. मोठ्यांना थीम म्हणजे रंगसंगती वाटते: हिरवा पडदा, हिरव्या बशा, हिरवा केक. चार वर्षांच्या मुलाला थीम म्हणजे काहीतरी होणं आणि काहीतरी करणं. आपल्याकडे हे फार पूर्वीपासून ठाऊक आहे, बोरन्हाण आठवा. संक्रांत ते रथसप्तमीच्या मध्ये घरच्या घरी होणारा तो समारंभ थीमचाच आहे. काळे कपडे, हलव्याचे दागिने, आणि मुख्य कार्यक्रम एकच: डोक्यावरून बोरं, उसाचे करवे, चुरमुरे, हलवा ओतायचा आणि जमलेल्या मुलांनी तो लुटायचा. अर्ध्या तासात आटोपतो. मुलांना वेचायला मिळतं, मोठ्यांना बघायला मिळतं, सजावटीवर कुणी पैसे घालवत नाही. (अगदी लहानग्यांच्या हाती बोराची आठळी आणि हलव्याचे दाणे लागू नयेत, एवढं मात्र तिथेही पाहायला हवं.) तुमच्या मुलाची थीम गाड्या असो, समुद्र असो की अवकाश, एकदा असं विचारून बघा: यात बोरं लुटण्यासारखं हातांनी करायचं काय आहे? उत्तर नसेल, तर ती थीम तुमच्यासाठी आहे.

आता वेळ. आपल्याकडे आमंत्रणात संध्याकाळी सात लिहितात, लोक आठला येतात, आत्याची गाडी घाटात अडकलेली असते म्हणून केक साडेआठपर्यंत थांबतो. तोवर उत्सवमूर्ती कंटाळून कुणाच्या तरी मांडीवर रडत असते. लहान मुलांसाठी साडेचार ते साडेसहा ही वेळ उत्तम. दुपारची झोप झालेली असते, भूक लागायला वेळ असतो. केक शेवटी ठेवण्याचा प्रघात सोडा; मुलं आल्यावर थोडं खेळून झालं की लगेच कापा. समोर केक ठेवून ‘अजून नाही, अजून नाही’ म्हणत राहण्याइतकं निर्दयी काही नाही. आत्यासाठी एक तुकडा काढून ठेवा. मोठ्यांना बोलवायचंच असेल, तर त्यांना रात्री जेवायला वेगळं बोलवा. शेजारच्या काकू, ऑफिसातले लोक, गावाहून आलेले मामा आणि बालवाडीतली मुलं एकाच खोलीत कोंबली की मुलांना हलायला जागा उरत नाही. आणि चार वर्षांच्या मुलाला सांभाळून घेता येतील इतकी, म्हणजे त्याच्या वयापेक्षा एखाद-दुसरी जास्त मुलं पुरेत. हा आकडा ऐकून आजीला वाईट वाटतं, हे मला माहीत आहे.

खेळांबाबत एक कळकळीची विनंती: संगीत खुर्ची या वयाला नको. ज्या मुलाला सगळ्यांसमोर ‘तू आऊट’ म्हटलं जातं, त्याला पुढचा कार्यक्रम आपला वाटत नाही. जंगलाच्या थीमला आमच्याकडे ‘चिमणी भुर्र’ फार रंगला. गोल बसून बोटं जमिनीवर टेकवायची, सांगणारा म्हणतो चिमणी भुर्र, कावळा भुर्र, मध्येच हत्ती भुर्र, आणि ज्याने हत्तीला बोट वर केलं त्याने हत्तीसारखं चालून दाखवायचं. बाद कुणीच नाही. चूक करण्यासाठीच मुलं वाट बघू लागतात. ‘मामाचं पत्र हरवलं’ही चालतं, फक्त पळण्याच्या वाटेतली टीपॉय आणि सतरंजीची कड आधी काढून घ्या. मुखवटा घालून येणारा भाड्याचा माकड-अस्वलवाला बोलावू नका. त्या वयाची कितीतरी मुलं मुखवट्याला खरोखर घाबरतात, आणि ती भीती पुढे झोपेतही त्रास देते.

खाण्यात हौस कमी केली तरी चालते. छोट्या इडल्या, ढोकळा, पावभाजी, फळांच्या फोडी एवढ्यात मुलं तृप्त होतात. सांभाळायच्या गोष्टी वेगळ्या आहेत. द्राक्षं अख्खी देऊ नका, उभी चिरून चार भाग करा. शेंगदाणे, फुटाणे, पॉपकॉर्न, कडक गोळ्या, वाटीतली घट्ट जेली पाच वर्षांखालच्या मुलांसमोर नकोत. आणि आमंत्रण देताना प्रत्येक आईला विचारा की मुलाला कशाची ॲलर्जी आहे का. आपल्या स्वयंपाकात दाण्याचं कूट इतकं मुरलेलं असतं की कोशिंबिरीत ते आहे, हे सांगायचं आपल्या लक्षातही येत नाही. थीमच्या केकवर जी चित्रं-पुतळे उभे असतात, त्यांच्या पोटात बरेचदा टूथपिक किंवा तार असते. केकवाल्याला विचारा आणि कापण्याआधी सगळे पुतळे काढून मोजून ठेवा.

परतभेटींमध्ये मला सर्वांत जास्त धास्ती वाटते ती लुकलुकणाऱ्या अंगठ्या, चमकणारे बिल्ले आणि नकली मेणबत्त्यांची. त्यांत नाण्यासारखी चपटी बॅटरी असते. ती गिळली आणि अन्ननलिकेत अडकली, तर दोन तासांत गंभीर भाजल्यासारखी इजा होऊ शकते, आणि मूल सुरुवातीला फक्त लाळ गाळतं किंवा खायला नको म्हणतं. संशय जरी आला तरी घरी वाट न पाहता, उलटी न करवता, तडक दवाखाना गाठावा. स्वस्त दिव्यांना बॅटरीच्या झाकणावर स्क्रू नसतो, नखाने उघडतं. आमच्या सजावटीतले दिवे तसेच होते. पाण्यात फुगणारे रंगीत मणीही देऊ नका, ते पोटात जाऊन फुगतात आणि आतड्यात अडकतात. आम्ही मागच्या वर्षी कुंडीत पेरायला मेथीचे दाणे आणि रंगवायला एक पुठ्ठ्याचा प्राणी दिला. कुणाची मेथी किती वाढली, याची चर्चा शाळेच्या दारात पुढे कितीतरी दिवस चालली.

इतकं सगळं करूनही काही झालंच, तर काय करायचं हे घरातल्या किमान दोन मोठ्यांना ठाऊक असावं. भाजलं तर गार नळाच्या वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटं धरा. टूथपेस्ट, हळद, तूप, बर्फ काहीही लावू नका. घशात काही अडकलं आणि मूल जोरात खोकत असेल, तर खोकू द्या. खोकला बंद पडला, आवाज निघेनासा झाला, तर वर्षावरच्या मुलाला पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मध्ये तळव्याच्या मुळाने पाच जोरदार थापा द्या. निघालं नाही तर मागून मिठी घालून बेंबीच्या वर, बरगड्यांच्या खाली आत आणि वरच्या दिशेने पाच झटके, आणि मग पुन्हा थापा. घशात आंधळेपणाने बोट घालू नका, वस्तू आणखी आत जाते. वर्षाखालच्या बाळाची पद्धत वेगळी आहे, पोटाला झटके द्यायचे नाहीत. ती तुमच्या बालरोगतज्ज्ञांकडून प्रत्यक्ष हाताने शिकून घ्या. एकाने हे सुरू करायचं, दुसऱ्याने त्याच वेळी 108 फिरवायचा. कोण काय करणार, हे पाहुणे यायच्या आधीच ठरवून ठेवा, आणि मेणबत्त्या पेटतील तेव्हा पाण्याने भरलेली एक बादली टेबलाशेजारी असू द्या.