उतारावरचा पहिला ट्रॅक्टर : आधी हिशेब, मग खरेदी

शास्त्रभाग : लूक 14:28-30



केळापूर आणि झरी-जामणी तालुक्यांतील कोलाम पोडांवर गेलो की हल्ली एक मागणी हमखास ऐकू येते : “भाऊ, आमाले एक ट्रॅक्टर पायजे.” इकडे मंडळ्यांतून विचारणा होते, “द्यायचाच तर चांगला मोठा का देऊ नये?” दोन्हींमागे चांगलीच भावना आहे. म्हणून हा विषय वचनाच्या प्रकाशात पाहू.

बुरूज बांधू इच्छिणाऱ्याने आधी बसून खर्चाचा अंदाज घ्यावा, असे प्रभू येशू सांगतो. पाया घालून काम अडले तर लोक हसतात. पोडावर हसण्यावर भागत नाही. हप्ते थकले की ट्रॅक्टर ओढून नेला जातो आणि कर्ज मागे उरते. कर्ज शेतकऱ्याच्या घराचे काय करते, हे यवतमाळ जिल्ह्याला वेगळे सांगायला नको. म्हणून तीन हिशेब आधी करू.

1. जमिनीचा हिशेब

खालच्या काळ्या जमिनीत 45 अश्वशक्तीचा ट्रॅक्टर शोभतो. पोडाजवळची जमीन बहुधा बरड, मुरमाड, उताराची आणि लहान तुकड्यांची. तिथे मोठ्या ट्रॅक्टरला वळायलाच जागा पुरत नाही. साधारण 20 ते 28 अश्वशक्तीचा, चारही चाकांना जोर असलेला लहान ट्रॅक्टर चढावर पकड धरतो. चाकांमधले अंतर कमी-जास्त करता येत असेल, तर कपाशीच्या ओळींत डवरणीही होते. मात्र अंतर कमी केले की उतारावर तोल जाण्याचा धोका वाढतो, हे लक्षात ठेवावे.

उतारावर माती वाहून जाऊ नये म्हणून मशागत आडवी करतात. पण ट्रॅक्टर कुशीवर उलटण्याची भीती आडवे चालवतानाच जास्त. जिथे तो आडवा चालवणे सुरक्षित नाही, तिथे ट्रॅक्टरच्या सोयीसाठी उभी नांगरट करू नये. तेवढा तुकडा बैलजोडीनेच वाहावा. ट्रॅक्टर आला म्हणून बैल विकायची घाई नको.

2. जिवाचा हिशेब

ट्रॅक्टर उलटला की चालक खाली चिरडतो. स्वीडनने 1959 पासून नव्या ट्रॅक्टरवर संरक्षक चौकट सक्तीची केली आणि पुढे तिथले असे मृत्यू खूप घटले. आपण घेताना चौकट आणि सीटबेल्ट दोन्ही मागावेत. नुसती चौकट पुरत नाही, कारण पट्टा नसेल तर चालक बाहेर फेकला जातो.

ओझे नेहमी खालच्या ओढदांड्यालाच जोडावे. वर जोडले तर चढावर पुढची चाके उचलली जाऊन ट्रॅक्टर मागे उलटतो. उतरताना गाडी कधीही न्यूट्रल करू नये, आधीच खालचा गिअर टाकावा. भरलेली ट्रॉली मागून ढकलते. मडगार्डवर लेकरांना बसवू नये.

3. पैशाचा हिशेब

समजा, 4 लाखांचे कर्ज 10 टक्के व्याजाने 5 वर्षांसाठी घेतले. वर्षाला सुमारे 1 लाख 5 हजार रुपये भरावे लागतील. डिझेल आणि चालकाची मजुरी जाऊन तासाला 350 रुपये उरले, तर नुसत्या हप्त्यासाठी वर्षाला 300 तास काम हवे. एकरी 4 तास धरले तर ते 75 एकरांचे काम झाले. पाच एकरवाल्या कुटुंबाचे काम 20 तासांत संपते. म्हणजे एका घराला हा ट्रॅक्टर परवडत नाही, पंधरा घरांच्या गटाला परवडू शकतो. दुरुस्ती आणि विमा यांचा खर्च वेगळाच.

अनुसूचित जमातीच्या शेतकऱ्यांना कृषी यांत्रिकीकरण योजनेतून अनुदान मिळते. त्यासाठी महाडीबीटीवर आधी अर्ज करून पूर्वसंमती घ्यावी लागते. अनुदान खरेदीनंतर खात्यात येते, म्हणून सुरुवातीची पूर्ण रक्कम उभी करावीच लागते. वनहक्क कायदा 2006 नुसार मिळालेली जमीन वारसाकडे जाते, पण विकता किंवा हस्तांतरित करता येत नाही. तिच्या आधारावर कर्ज मिळणे अवघड असते आणि माणूस सावकाराच्या दारात जातो. मंडळीची मदत नेमकी इथे हवी.

मंडळीने काय करावे?

मोठा ट्रॅक्टर देऊन फोटो काढणे सोपे आहे. त्यापेक्षा बचत गटाला सुरुवातीच्या रकमेत हातभार लावावा, पोडावरच्या दोन तरुणांना चालवण्याचे आणि देखभालीचे शिक्षण द्यावे, तासांची वही कशी ठेवायची ते शिकवावे. आधी एक हंगाम भाड्याने ट्रॅक्टर लावून पाहावा. वहीत पुरेसे तास दिसले तरच खरेदी करावी. नाही दिसले, तर थांबणे हीसुद्धा प्रीतीच आहे. आपले दान घेणाऱ्याच्या मानेवर जू होऊ नये.

चर्चेसाठी प्रश्न

1. आपण दान देताना घेणाऱ्याची गरज पाहतो की आपल्या दानाचा मोठेपणा?
2. दिलेल्या वस्तूचा पुढच्या पाच वर्षांचा खर्च कोण करणार, हे आपण विचारतो का?

प्रार्थनेचा विषय : हंगामाच्या तोंडावर निर्णय घेणाऱ्या पोडांवरील गटांना सुज्ञपणा, आणि उतारावर राबणाऱ्या प्रत्येकाला सुरक्षितता मिळावी.