साल्सा: एकवर नाचायचं की दोनवर?

साल्सा शिकायला लागलं की पहिल्याच महिन्यात एक घोळ होतो. एक जण म्हणतो "एकवर नाच", दुसरा म्हणतो "खरा साल्सा दोनवरच". असे दोघे जोडीने उभे राहिले की पायावर पाय पडतो आणि आपलंच चुकलं असं वाटतं. आज हा घोळ सोडवूया.

आधी मोजणी बघा. नाच आठ ठोक्यांत मोजतात, आपल्या केरव्याच्या आठ मात्रांसारखा. साधारणपणे पावलं १, २, ३ आणि ५, ६, ७ वर पडतात. ४ आणि ८ वर नवं पाऊल नसतं.

मग फरक कुठे? ज्या पावलानंतर शरीराची दिशा उलटते, त्याला 'ब्रेक' म्हणतात. तो कोणत्या ठोक्यावर येतो आणि जोडी कशी फिरते, यावरून शैली ओळखायची.

१) लॉस एंजेलिस शैली (ऑन वन): ब्रेक १ आणि ५ वर. जोडी सरळ रेषेत नाचते.

२) न्यूयॉर्क शैली (ऑन टू): रेषा तीच, पण ब्रेक २ आणि ६ वर. कोंगा या ढोलाची ठसठशीत थापही तिथेच पडते. ही मोजणी शिकवून लोकप्रिय केली ती एडी टोरेस यांनी.

३) क्युबन शैली (कासिनो): रेषा नाही, दोघं एकमेकांभोवती गोल फिरतात. 'रुएदा'मध्ये अनेक जोड्या रिंगण करतात आणि एकाच्या हाकेवर जोडीदार बदलतात.

४) काली शैली: कोलंबियातल्या काली शहराची. पायांचं काम अतिशय जलद.

आता पाय का अडकतात ते कळेल. ऑन वनमध्ये नाच चालवणारा १ वर पुढे येतो. ऑन टूमध्ये त्याच १ वर तो मागे जातो आणि जोडीदार पुढे येते. नाच चालवणाऱ्याने ऑन वन आणि जोडीदाराने ऑन टू धरलं, तर दोघंही पुढेच येणार! म्हणजे चूक कोणाचीच नाही, ठरवायचं राहिलं इतकंच.

म्हणून नाचण्याआधी सरळ विचारा, "एकवर की दोनवर?" यात लाजण्यासारखं काही नाही.

गृहपाठ: एखादं संथ साल्सा गाणं लावा. नाचू नका, आठपर्यंत मोजत आधी १ आणि ५ वर, मग २ आणि ६ वर टाळी द्या. कोंगाची थाप कोणत्या टाळीला जुळते, ते ऐका.