दिल्लीतील डेंग्यू : आर्द्रता, कूलर आणि आठवड्याचा नियम

पावसाळ्यात घरातील कीटकांचा उपद्रव वाढतो, हा सर्वसामान्य अनुभव आहे. हा उपद्रव सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न कसा बनतो, हे दिल्लीच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. १९९६ साली या महानगरात डेंग्यूचे १०,२५२ रुग्ण आढळले व ४२३ जणांचा मृत्यू झाला. २०१५ साली रुग्णसंख्या १५,८६७ वर पोहोचली.

आर्द्रतेचा परिणाम

डेंग्यूचा प्रसार मुख्यतः एडिस इजिप्ती जातीच्या डासाच्या मादीमुळे होतो. रुग्णाचे रक्त शोषल्यानंतर विषाणू तिच्या लाळग्रंथींपर्यंत पोहोचण्यास साधारणतः ८ ते १२ दिवस लागतात. कोरड्या, तप्त हवेत शरीरातील पाणी कमी होऊन अनेक डास त्यापूर्वीच मरतात. दमट हवेत ते अधिक काळ जगतात. म्हणजेच आर्द्रतेमुळे डासांच्या संख्येबरोबरच त्यांची रोग पसरविण्याची क्षमताही वाढते. त्यामुळे दिल्लीत पाऊस ओसरल्यानंतर, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, साथीचा जोर सर्वाधिक असतो.

घरातील दमट कोपरा

दिल्लीचा मे महिना कोरडा असतो व तापमान अनेकदा ४० अंश सेल्सिअसच्या पुढे जाते. या काळात घरोघरी वापरले जाणारे कूलर डासांना साठलेले पाणी आणि थंड, दमट आसरा दोन्ही पुरवितात. पाणीटंचाईमुळे भरून ठेवलेली पिंपे आणि गच्चीवरील उघड्या टाक्या यांचाही त्यात वाटा आहे. त्यामुळे पावसापूर्वीच डासांची पैदास सुरू झालेली असते.

प्रतिबंधाचे उपाय

अंड्यापासून डास तयार होण्यास सुमारे ७ ते १० दिवस लागतात. आठवड्यातून एकदा पाणी रिकामे करण्याच्या नियमाचा हाच आधार आहे. मात्र अंडी पाण्याच्या पातळीलगत भांड्याच्या कडेला चिकटतात आणि कोरड्या स्थितीतही कित्येक महिने टिकतात. म्हणून कूलरची टाकी घासून, कोरडी करूनच पुन्हा भरावी. टाक्यांना घट्ट झाकणे बसवावीत. कुंड्यांखालच्या बशा, जुने टायर यांत पाणी साचू देऊ नये. हा डास दिवसा चावतो, त्यामुळे केवळ रात्रीची मच्छरदाणी पुरेशी ठरत नाही. धूरफवारणीने उडणारे डास मरतात, अळ्या मात्र पाण्यात शिल्लक राहतात.

२०१९ साली दिल्ली सरकारने दर रविवारी सकाळी दहा वाजता दहा मिनिटे, असे दहा आठवडे घरातील साठलेले पाणी तपासण्याचे आवाहन केले होते. डासांची पैदास घराघरांत होत असल्याने शासकीय यंत्रणेच्या प्रयत्नांना नागरिकांच्या नियमित सहभागाची जोड मिळणे अपरिहार्य आहे.