खिडकीतला डोंगर

अगं, काल फोनवर तू म्हणालीस ना, "ताई, घोडबंदरचा फ्लॅट जवळजवळ ठरलाच, अठराव्या मजल्यावरून अख्खा डोंगर दिसतो", तेव्हा मी गप्प राहिले. तुझा फोन स्पीकरवर होता. आता मोकळेपणाने सांगते.

आमचं ठाण्याचं पहिलं घर असाच डोंगर बघून घेतलं होतं. चार वर्षांत त्या डोंगरावर आम्ही दोनदा गेलो. मधे हायवे, पलीकडे सोसायट्यांच्या भिंती. जायचं तर गाडी काढा, आणि गाडी काढायची म्हटलं की राहूनच जातं. पुढे समोर टॉवर उभा राहिला आणि दिसायचा तो डोंगरही गेला. बिल्डरच्या तोंडी शब्दावर विसंबलो होतो. अजून जिवाला लागतं ते.

मग बोरिवली पूर्वेला आलो. एक खोली कमी झाली, देवघर स्वयंपाकघरात आलं, सासूबाईंना ते जड गेलं. पण नॅशनल पार्कचं गेट चालत बारा मिनिटांवर. सकाळी फिरायला जाणाऱ्यांना पास मिळतो. डबे भरून झाले की मी तासभर जाऊन येते. पावसाळ्यात ओढ्याकाठी कस्तूर शीळ घालतो, अगदी एखादा पोरगा सूर शोधत चालल्यासारखी. २०१६ साली कारवी फुलली तेव्हा आपला बंटी सात वर्षांचा होता. जांभळा उतार बघून गप्पच झाला. फुलून, बी धरून ती झुडपं मरतात. पुढच्या वर्षी पहिल्या पावसात वाळकी बोंडं तडतड फुटत होती, ती ऐकायला तो पायवाटेवरच बसून राहिला. आठ वर्षांनी, २०२४ ला, ती परत फुलली. मिसरूड फुटलेला तो मुलगा मला हाताला धरून घेऊन गेला. ती गेलेली खोली मला त्यानंतर कधी आठवली नाही.

बिबट्याचं विचारशीलच. १०४ चौरस किलोमीटरचं जंगल आहे, बिबटे आहेतच. कचरा साठला की भटकी कुत्री जमतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो. म्हणून घर बघताना सोसायटीचा कचरा कुठे ठेवतात ते आधी बघ. अंधार पडल्यावर तुझ्या चिऊला एकटीला खाली सोडायचं नाही. जंगलाच्या शेजारी राहायचं तर एवढं पाळावंच लागतं. ओल, डास आणि माकडं आहेत, ते चालवून घेता येतं.

टोकन देण्याआधी एक कर. कामाच्या दिवशी सकाळी साडेसहाला त्या इमारतीच्या फाटकातून चालायला लाग आणि पहिल्या झाडापर्यंत किती वेळ लागतो ते घड्याळात बघ. वाटेत रस्ता ओलांडताना चिऊचा हात सोडता येतो का तेही बघ. आणि समोरच्या मोकळ्या जागेवर विकास आराखड्यात काय दाखवलंय, ते कागदावर बघितल्याशिवाय चेक फाडू नकोस.

रविवारी ये. सोमवारी पार्क बंद असतं. चिऊला जुने बूट घाल, पाचला चहा टाकते.